मेटाबेस आणि पोस्टग्रेस: एसएसएलच्या पुढचे दोन मुद्दे

एसएसएल (जोडणीवरची माहिती एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक, करणारी सोय) चालू केले की मेटाबेस हे अहवाल व आलेख दाखवणारे साधन थेट पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ५४३२ पोर्टला जोडायला हरकत नाही, असा सल्ला दिला जातो; त्यात थोडी भर घालणे मला अगत्याचे वाटते. एसएसएल मोड ‘रिक्वायर’ ठेवला तर माहिती एन्क्रिप्ट होऊन जाते खरी, पण समोरचा सर्व्हर आपलाच आहे की मध्ये बसलेला कोणी तोतया, याची खातरजमा होत नाही; त्यासाठी ‘व्हेरिफाय-फुल’ हा मोड लावून रूट सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख ज्यावरून पडताळतात ते मूळ प्रमाणपत्र) द्यावे लागते.

त्याहून मोठा प्रश्न मेटाबेस डेटाबेसच्या कोणत्या खात्याने जोडायचा, हा आहे. आमच्याकडे सुरुवातीला सुपरयूझर, म्हणजे सर्वाधिकार असलेले, खातेच जोडलेले होते आणि पहिल्याच आठवड्यात विक्रीचे आकडे शोधणाऱ्या एका सहकाऱ्यासमोर सर्वांच्या पगाराचे टेबल उघडले. त्यानंतर आम्ही अहवालांसाठी वेगळी स्कीमा (डेटाबेसमधला स्वतंत्र कप्पा) केली, तिच्यात मोबाइल क्रमांक वगळलेले व्ह्यू (टेबलांतील निवडक माहिती दाखवणाऱ्या तयार क्वेरी) ठेवले आणि नव्या खात्याला केवळ त्यांवर ‘सिलेक्ट’चा, म्हणजे फक्त वाचण्याचा, अधिकार दिला. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १४ पासून ‘पीजी रीड ऑल डेटा’ ही तयार भूमिका (खात्याला देता येणारा अधिकारांचा संच) मिळते, परंतु ती सगळीच टेबले वाचू देते, म्हणून इथे ती टाळावी असे माझे स्पष्ट मत आहे.

पोर्ट मात्र फायरवॉलमध्ये फक्त मेटाबेसच्या सर्व्हरच्या आयपीपुरताच उघडा.