अकरावीला रेझोनन्सची चित्रं आधी शिकवायची की इलेक्ट्रॉनचं पसरणं?

राजारामपुरी_केमिस्ट्री: अकरावी-बारावीला शिकवतो, म्हणून सांगतो. बेंझीन म्हणजे सहा कार्बनचं कडं. त्याची ती दोन केकुले चित्रं (डबल बाँडच्या जागा अदलाबदल केलेली) आणि मधला रेझोनन्सचा दुतोंडी बाण आधी दाखवणं बंद करा. पोरं हमखास समजतात की डबल बाँड इकडून तिकडं उड्या मारतो. ही रचना मांडणाऱ्या खुद्द केकुलेनं १८७२ मध्ये जवळपास तेच मांडलं होतं, तेव्हा पोरांना बोल लावत नाही. पण बेंझीनमधले सगळे कार्बन-कार्बन बंध १३९ पिकोमीटरचे. सिंगल १५४, डबल १३४. उडी मारायला तिथं डबल बाँड आहेच कुठं? सहा इलेक्ट्रॉन अख्ख्या कड्यावर पसरलेत. आत गोल काढा, विषय संपला.

तांबडा_पांढरा: सोपं हाय की सर. तांबडा आणि पांढरा एका वाटीत ओतला की झाला हायब्रिड, दोन्ही चित्रांचं मिश्रण!

एमएस्सी_सेकंड_इयर: भावा, तांबडा आणि पांढरा दोन्ही खरोखर असतात. केकुलेची चित्रं कुठल्याच बाटलीत मिळत नाहीत. उपमा बाद.

आणि सर, तुमचा गोल मला पटत नाही. फिनॉलचं (कड्याला OH जोडलेलं बेंझीन) नायट्रेशन घ्या. नायट्रो ग्रुप कुठं बसणार, हे गोल सांगतो का? ऑक्सिजनवरची जोडी कड्यात ढकला, बाण काढत जा. ऋणभार ऑर्थो (शेजारच्या) आणि पॅरा (समोरच्या) जागेवर येतो, मधल्या मेटावर नाही, म्हणून नायट्रो तिथंच बसतो. कागद-पेन्सिलीवर उत्तर. ऑर्बिटलनं, म्हणजे इलेक्ट्रॉन पसरल्याच्या गणितानं, हेच काढायचं तर मॅट्रिक्स मांडा, आणि ती अकरावीच्या पोरांना कोण शिकवणार?

राजारामपुरी_केमिस्ट्री: बाण काढा की, पण नंतर. आधी आकडे दाखवा. एकच डबल बाँड असलेल्या सायक्लोहेक्झीनला हायड्रोजन जोडला की मोलमागं १२० किलोज्यूल उष्णता निघते. केकुलेच्या चित्रात तीन डबल बाँड, म्हणून तिप्पट धरली तर ३६०. बेंझीन देतं २०८. म्हणजे बेंझीन चित्रापेक्षा तेवढं स्थिर. हा १५२ चा फरक ज्यानं पाहिला तो चित्राला खरं मानत नाही.

आणि ‘चित्रं जास्त तेवढी स्थिरता’ म्हणणाऱ्यांनी सायक्लोब्युटाडाईन बघावं. त्याचीही दोन सारखीच चित्रं निघतात, पण रेणू इतका अस्थिर की अतिथंड ठेवून पकडावा लागतो. का, ते ह्युकेलचा नियम (कड्यात ४n+२ पसरलेले इलेक्ट्रॉन असले तरच स्थिरता; इथं चारच) सांगतो, चित्रं नाहीत.

एमएस्सी_सेकंड_इयर: एका चौकोनी रेणूपायी अख्खी पद्धत मोडीत काढता होय?

बारावी_सीईटी: सर, कार्बोनेटची बाँड ऑर्डर (दोन अणूंमध्ये सरासरी किती बंध) मी तीन चित्रं काढूनच ४/३ काढतो. तिथं गोल कुठं काढू?

राजारामपुरी_केमिस्ट्री: तिथं चित्रंच काढ. चार बंध, तीन जागा, हिशोब बरोबर. फक्त मध्ये समतोलाचे दोन उलटे बाण दिसले तर मार्क कापणार, कारण त्यांचा अर्थ रेणू खरंच एका चित्रातून दुसऱ्यात जातो असा होतो.