सल्ला हवा: पोट नाजूक, घर सोलापूरचं. एकाच स्वयंपाकात पथ्य कसं बसवायचं?

मऊभाकरी
नमस्कार मंडळी. जुळे सोलापूरला राहते. दिवाळीपासून पोट बिघडलंय. जेवलं की अर्ध्या तासात मुरडा, पोट नगाऱ्यासारखं फुगतं, मग दोन-तीन चकरा. तपासण्या झाल्या, आयबीएसचं, म्हणजे आतड्याच्या कामातल्या बिघाडाचं, निदान झालं. डॉक्टर म्हणाले, तिखट-तेलकट बंद, हलकं खा. आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

हलकं म्हणून तीन आठवडे चपाती, दुधी आणि वरणाचं वरचं पाणी यावर काढले. फरक शून्य. सासूबाईंना काळ्या तिखटाशिवाय आमटी चालत नाही, मुलांना शेंगाची चटणी हवीच, आणि रांधणारी मी एकटी. सकाळी नऊला शाळेत हजर व्हायचं असतं, दोन-दोन स्वयंपाक होत नाहीत. कोणी हे निभावलंय का?

गड्डा_फॅन
ताई, सोलापुरात राहून तिखट बंद म्हणजे वनवासच की! मी वाचतोय फक्त, मलाही हवंय.

होटगीरोडवाली
अगं, मी सहा वर्षं यातून जातेय, म्हणून सविस्तर लिहिते.

तू भाकरी सोडून चपाती धरलीस, तिथेच गडबड झाली असेल. गव्हात फ्रुक्टॅन नावाची साखर असते. ती लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यात आंबते आणि वायू धरतो. ज्वारीत ती फारच कमी. माझी चपाती सुटली आणि भाकरी राहिली. पीठ ताजं घ्यायचं, उकळत्या पाण्यात मळायचं, भाकरी पातळ थापायची. कडक भाकरी त्रासाच्या दिवसांत नको, एरवी चावून खाल्ली तर चालते.

पण थांब, चपाती बंद करण्याआधी एक काम. सिलिअ‍ॅकची रक्तचाचणी झालीय का? म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते, त्या आजाराची. नसेल तर गहू खात असतानाच करून घे. गहू बंद करून केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

फ्रुक्टॅनचं दुसरं कोठार म्हणजे कांदा आणि लसूण. तिखटाला आपण उगाच बदनाम करतो. जास्त तिखट बाधतंच, पण माझ्या बाबतीत मिरचीपेक्षा काळ्या तिखटातला भाजलेला कांदा-लसूण जास्त नडायचा. यातली गंमत अशी की फ्रुक्टॅन पाण्यात उतरतं, तेलात नाही. लसणाच्या पाकळ्या तेलात मंद आचेवर तांबूस करायच्या आणि काढून टाकायच्या. वास राहतो, त्रास जातो. मात्र तेल त्याच दिवशी संपव, साठवू नकोस. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग.

आता तुझं ते वरणाचं पाणी. डाळीतली वायू करणारी साखरही पाण्यातच उतरते, म्हणजे तू नेमकं तेच पीत होतीस. मुगाची डाळ चार तास भिजव, ते पाणी फेक, नव्या पाण्यात शिजव आणि डाळ खा. पहिल्यांदा दोन-तीन चमचेच.

रेल्वेलाइन्स_काका
होळीची कटाची आमटी का बाधते ते आज कळलं. हरभऱ्याची डाळ, तिचंच येळवणी म्हणजे शिजवल्याचं पाणी, वर लसूण!

पण एक विचारतो. मऊभाकरी, वजन उतरलंय का? रक्त पडणं, ताप, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, यातलं काही? असेल तर स्वयंपाकघरातले प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे. माझ्या भावाला वर्षभर ‘गॅस’ म्हणत होते, निघाला कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज. त्यात पथ्य वेगळं असतं. आजार भडकलेला असताना भाकरीचा कोंडाही टोचतो, मऊ भात बरा.

मऊभाकरी
काका, रक्त-ताप नाही. वजन दोन किलो उतरलंय, पण खाणंच निम्मं झालं होतं. तरी उद्याच दाखवते. सिलिअ‍ॅकची चाचणी कागदांत सापडली, निगेटिव्ह आहे.

होटगीरोडवाली, एकाच स्वयंपाकात कसं करतेस तेही सांग ना.

होटगीरोडवाली
आमटी लसणीच्या तेलाच्या फोडणीवर करायची, मूग किंवा थोडी तूर, धने-जिरे, खोबरं, तीळ, दगडफूल यांचा भाजून कुटलेला मसाला. माझी वाटी आधी काढायची, मग उरलेल्यात काळं तिखट घालून एक उकळी. चूल एकच, पातेली दोन. शेंगाची चटणी कुटताना लसूण घालण्याआधी माझ्यापुरती बाजूला काढते. एक चमचा बास, शेंगदाण्याचं तेल जास्त झालं की पळावंच लागतं.

भाज्यांत गाजर, पालक, काकडी, बटाटा बिनधास्त. फ्लॉवर नाही. आंबा आणि कलिंगड मला उन्हाळ्यात सगळ्यात जास्त रडवतात, आणि नेमके तेव्हाच घरोघरी फोडी कापून समोर येतात. डाळिंब मूठभर चालतं, नशीब आपलं. सकाळी उपाशीपोटी चहा नको.

आणि हे सगळं कायमचं नाही हं. दोन ते सहा आठवडे कडक पाळायचं, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. मी सगळंच सोडून बसले होते, अशक्तपणाच आला. जमलं तर आहारतज्ज्ञाला धर.

आजीचा_बटवा
एवढं शास्त्र कशाला? ताकातल्या कण्या खा, ओवा चाव. आमच्याकडे तीन पिढ्या हेच.

होटगीरोडवाली
कण्या छानच, आजी. ताक मात्र ज्याला दूध बाधतं त्याने अर्ध्या वाटीपासून सुरू करावं. कोंडा मिसळलेल्या ‘पौष्टिक’ पिठाच्या नादी कोणी लागू नये, आयबीएसमध्ये त्याने उलट वाढतं. त्यापेक्षा इसबगोल, पेलाभर पाण्यासोबत.

मऊभाकरी
पाच आठवड्यांनी लिहितेय. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, काळजीचं काही नाही. मुरडा आठवड्यातून एखाद्या वेळी येतो. परवा अर्धी चपाती खाऊन पाहिली, निभावली. लसूण नाही निभावला. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आमटीला आज धारच नाही." आता काळ्या तिखटाची बरणी ताटाजवळच घेऊन बसतात.

पुढचा प्रश्न: शुक्रवारी शाळेत डबा पार्टी असते. भाकरी दुपारपर्यंत वातड होते. काय नेऊ?

गड्डा_फॅन
ज्वारीच्या पिठाचे धपाटे, बेसन-कांदा वगळून. थोडी काकडी किसून घाला, मऊ राहतात. बायकोचा अनुभव आहे, माझा फक्त खाण्याचा.