मदत हवी आहे : रीसेट केला तरी राउटरमधला डीएनएस पुन्हा बदलतोय

मंडळी नमस्कार,

साताऱ्याला आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात. तिथे फायबर आहे. केबलवाल्याने कुणाकडचा तरी काढलेला जुना डबा आणून लावला. मध्यंतरी आई म्हणाली, "बातम्या उघडल्या की रमीच येते." मी सवयीने तिलाच झापलं की तू काहीतरी दाबलं असशील. गणपतीत घरी गेलो तर माझ्याही फोनवर तेच! मोबाइल डेटावर साइट व्यवस्थित, वायफायवर रमी. आईची माफी मागून झाली आहे.

राउटरमध्ये शिरलो (अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, अर्थातच). डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) जागी भलतेच दोन पत्ते. पिन टोचून रीसेट केलं, पासवर्ड बदलला, गूगलचं डीएनएस ८.८.८.८ टाकलं. चौथ्या दिवशी तेच दोन पत्ते परत हजर. फर्मवेअरची (राउटरमधल्या मूळ सॉफ्टवेअरची) तारीख २०१६. केबलवाल्याचं उत्तर : "नेट चालतंय ना? मग कशाला हात लावता?"

पासवर्ड बदलूनही हे होतंच कसं? याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचं नवं फर्मवेअर टाकू का? आणि आई याच वायफायवरून लाइट बिल भरते, त्याचं काय?

जुनातारवाला :
दुसऱ्या मॉडेलचं फर्मवेअर अजिबात टाकू नका. चिप वेगळी निघाली तर डबा कायमचा गेला, आणि फायबरचा डबा परस्पर बदलताही येत नाही, तो त्यांच्याकडे नोंदवावा लागतो.

पासवर्डचं म्हणाल तर काही जुन्या मोडेममध्ये डीएनएस बदलणारं पान लॉगिन तपासतच नसे. नेमकी लिंक पाठवली की काम झालं. मग पासवर्ड कितीही अवघड ठेवा. २०१४ साली चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने 'मिसफॉर्च्यून कुकी' नावाची चूक उघड केली. ती रॉमपेजर नावाच्या छोट्या वेब सर्व्हरमध्ये होती, जो कितीतरी कंपन्यांच्या राउटरमध्ये बसवलेला असे. गंमत म्हणजे रॉमपेजरवाल्यांनी ती २००५ मध्येच दुरुस्त केली होती! तरी नऊ वर्षांनी सुमारे १.२ कोटी उपकरणांत जुनीच आवृत्ती निघाली. दुरुस्ती झाली, पण लोकांच्या घरातल्या डब्यापर्यंत पोचलीच नाही.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) काय दिसतो?

धागाकर्ता :
१००.७२ ने सुरू होतो.

जुनातारवाला :
१००.६४ ते १००.१२७ म्हणजे सीजीनॅट. अनेक गिऱ्हाइकांत मिळून एक सार्वजनिक पत्ता. त्यामुळे बाहेरच्या इंटरनेटवरून कुणी थेट तुमच्या डब्यापर्यंत येणं कठीण. उरले दोन रस्ते. एक, त्याच केबलवाल्याच्या जाळ्यातलं दुसरं बाधित उपकरण. दोन, घरातल्याच ब्राउझरमध्ये उघडलेलं एखादं पान, जे गुपचूप राउटरला ती लिंक पाठवतं. रिमोट मॅनेजमेंट बंद केल्याने पहिला रस्ता अरुंद होतो, दुसरा तसाच राहतो. घरात डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा) किंवा कॅमेरा असेल तर तोही तपासा. २०१६ मधल्या मिराय नावाच्या मालवेअरने असलीच उपकरणं कंपनीचे मूळ पासवर्ड वापरून पकडली होती.

कोल्हापुरी_मिसळ :
आईंच्या बिलाचं मी सांगते. बँकेचं खरं पान एचटीटीपीएसवर (साइटची ओळख तपासणाऱ्या सुरक्षित जोडणीवर) असतं. खोट्या डीएनएसने दुसरीकडे नेलं तर ब्राउझर इशारा देतो. धोका असतो तो "तरीही पुढे जा" दाबण्यात. माझ्या सासूबाई ते दाबायच्या, कारण दाबल्याशिवाय पान उघडत नाही! आईंनी तसं कधी दाबलंय का, ते न रागावता विचारा. दाबलं असेल तर बँकेचा पासवर्ड मोबाइल डेटावरून बदला. अँड्रॉइड ९ किंवा पुढचं असेल तर फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये डीएनएस डॉट गूगल भरून ठेवा, म्हणजे तो फोन राउटरच्या डीएनएसला विचारणारच नाही.

जुनातारवाला :
आणि डबा ब्रिज मोडला टाकायला सांगा, म्हणजे तो नेट नुसतं पुढे पाठवेल, राउटरचं काम करणार नाही. त्यामागे स्वतःचा राउटर लावा, पण घेण्याआधी त्या मॉडेलला शेवटचं फर्मवेअर कधी आलं ते कंपनीच्या साइटवर बघा. खोक्यावरचे अँटेना मोजून घेऊ नका.

धागाकर्ता :
आभार! आईला विचारलं. एकदा दाबलं होतं, पण ते पंचांगाच्या साइटवर. तरी बँकेचा पासवर्ड बदलला. दोघांच्या फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस भरलं, रमी गेली. ब्रिज मोडला केबलवाला "ऑफिसातून होतं" म्हणतोय आणि पीपीपीओईचा (नेटच्या जोडणीच्या लॉगिनचा) पासवर्ड द्यायला तयार नाही. तो मिळवायचा कसा, कुणाला अनुभव?