हाताने घडवलेल्या नेपाळी खुकरीची पारख कशी करावी?

धागाकर्ता

नमस्कार. दिवाळीनंतर काठमांडूला जाणे होणार आहे आणि तिथून हाताने घडवलेली एक चांगली खुकरी आणावी असा विचार आहे. ती भिंतीवर टांगण्यासाठी नसून वाडीत फांद्या तोडणे, बांबू फोडणे अशा कामांसाठी हवी आहे. ठामेलमधील दुकानांची छायाचित्रे पाहिली, तर सिंहमुखी मूठ आणि आरशासारखे चकचकीत पाते असलेल्या खुकऱ्या स्वस्त, आणि काळपट पात्याच्या, साध्या लाकडी मुठीच्या काही खुकऱ्या त्यांच्या तिप्पट किमतीच्या दिसल्या. हा फरक कशामुळे पडतो, आणि पोलादाची जाण नसलेल्या माणसाने दुकानात उभे राहून काय तपासावे? ‘जुनी फौजी खुकरी’ म्हणून जे विकले जाते, त्याचीही खात्री कशी करावी?

प्रतिसाद १

खुकरीची किंमत मुळात तिच्या धारेला पाणी कसे दिले आहे यावर ठरायला हवी. बाकी सारे त्यानंतर. नेपाळमधील कामी, म्हणजे विश्वकर्मा समाजातील कारागीर, बहुतेक वेळा ट्रकच्या पाट्याचे, म्हणजे चाकांवरच्या कमानी स्प्रिंगचे, पोलाद वापरतात, आणि ते चांगले असते. पाते घडवून झाले की ते लालबुंद तापवून किटलीच्या तोटीतून फक्त धारेवर पाणी सोडतात, त्यामुळे धार कठीण होते, पाठ मात्र चिवट राहते, आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे परत येऊन तिचा अतिरिक्त ठिसूळपणा कमी करते. हे काम पूर्णपणे नजरेच्या अंदाजावर चालते. पर्यटकांसाठी घाईने केलेल्या पात्यांत नेमका हाच टप्पा कच्चा राहतो किंवा वगळला जातो, आणि वरच्या चकाकीमुळे ते कळत नाही.

तपासणीसाठी एक लहान बारीक दातांची कानस सोबत ठेवावी आणि दुकानदाराची परवानगी घेऊन ती पात्याच्या पोटाजवळ, म्हणजे जिथे घाव बसतो तिथे, धारेवर हलकेच फिरवावी. ती घसरली तर धार कठीण आहे. लोखंडात रुतली तर कितीही लखलखीत असले तरी ते पाते शोभेचेच समजावे. पाठीवर मात्र कानस रुतलीच पाहिजे. त्यानंतर पाते खिडकीच्या उजेडात तिरपे धरून धारेला काटकोनात जाणाऱ्या केसासारख्या रेषा दिसतात का ते पाहावे, कारण पाणी देताना पडलेली अशी चीर दुरुस्त होत नाही. हातोड्याच्या पुसट खुणा किंवा दोन बाजूंतील किंचित फरक हा दोष मानू नये. हातकामात तो असणारच. पाठीची जाडी मात्र टोकाकडे क्रमाने कमी होत गेलेली असावी. सगळीकडे सारख्या जाडीचे पाते हातात अकारण जड लागते आणि त्यासाठी कारागिराने मेहनतही कमी घेतलेली असते.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, परंतु प्रत्यक्ष वापरात आधी मूठ दगा देते, म्हणून तिच्याविषयी लिहितो. परंपरेने मुठीत जाणारी पात्याची निमुळती दांडी ‘लाहा’ नावाच्या राळेसारख्या पदार्थाने बसवतात. काही खुकऱ्यांत पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सपाट जाते आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या खिळ्यांनी पक्क्या केलेल्या असतात. आपल्या कामाला हा दुसरा प्रकार अधिक सोयीचा वाटेल. पाते धरून मूठ तळहातावर आपटावी. आतून खुळखुळ आवाज आला तर ती घेऊ नये. म्हशीच्या शिंगाची मूठ देखणी असते, पण कोरड्या हवेत ती आकसते आणि तडकू शकते, त्यामुळे शिसवी मूठच बरी.

म्यानात सोबत दोन छोटी हत्यारे असतात: कर्दा हा लहान चाकू आणि चकमक हे बोथट पाते. कामचलाऊ खुकरीत ती नुसत्या पत्र्याची असतात, तर मन लावून काम करणारा कारागीर तीही नीट घडवतो. त्यामुळे एकंदर कामाचा दर्जा त्यांवरून पटकन लक्षात येतो. मुठीजवळच्या खाचेविषयी दुकानदार बऱ्याच कथा सांगतात, त्यांचा गुणवत्तेशी संबंध नाही.

शक्य असल्यास पूर्व नेपाळमधील भोजपूर किंवा धरान भागातील आरनात, म्हणजे भट्टीवरच, जाऊन खरेदी करावी. तिथे सुक्या लाकडावर घाव घालून दाखवायला सहसा कोणी नकार देत नाही. त्यानंतर धार वळली असेल तर ती मऊ आहे, आणि तिचा कपचा उडाला असेल तर ती ठिसूळ आहे. शिवाय पैसे घडवणाऱ्याच्या हातात जातात, आणि ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे हत्यार घडवूनही अस्पृश्यता सोसली, त्याच्या बाबतीत ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथे घासाघीस करू नये, अशी विनंती आहे.

प्रतिसाद ३

फौजी खुकरीबाबत सावध राहावे. दोन्ही महायुद्धांच्या काळातील सरकारी खुकऱ्यांवर वर्ष, बनवणाऱ्याची आद्याक्षरे आणि बाणाचा छाप आढळतो, पण असे छाप नव्या पात्यावरही सहज उठवता येतात. छापाच्या खोलगट भागातील गंज आजूबाजूच्या पात्याइतकाच जुना दिसतो का, आणि म्यानाचे चामडे शिवणीजवळ खरोखर झिजले आहे का, हे पाहावे. पाते खरोखर जुने असेल तर ते घासून चकचकीत करू नये, कारण संग्राहकांच्या दृष्टीने त्याची किंमत त्यामुळेच घटते. कामासाठी मात्र नवीच घ्यावी.

परतताना विमानात ती फक्त चेक-इन सामानात, धार नीट गुंडाळून ठेवावी आणि विमान कंपनीला आधी विचारून घ्यावे. भारतातील शस्त्रनियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरगुती व शेतीकामाची हत्यारे त्यातून वगळलेली असली, तरी पावती जवळ असू द्यावी.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सपाट पोलादाची, शिसवी मुठीची खुकरी घेण्याचे ठरवले आहे, आणि प्रवासाच्या आखणीत धरानचा समावेश करता येतो का ते पाहतो.