बीपीच्या गोळ्या आणि प्रोस्टेटमुळे अडलेली लघवी

रंकाळाकाठ: वडील ६८, कोल्हापुरात राजारामपुरीत असतात. प्रोस्टेट वाढलंय, बीपीसाठी अम्लोडिपिन ५ मिग्रॅ चालू. लघवीची धार बारीक, रात्री चारदा उठतात. गोळीचा संबंध असेल का?

औषधवाला: असू शकतो. प्रोस्टेटमुळे वाट अडली की मूत्राशयाचा स्नायू जोर लावून जाड होतो, आत दोऱ्यांसारख्या वळ्या पडतात. पुढे तो थकतो आणि लघवी मागे उरते. अम्लोडिपिन स्नायू सैल करतं, म्हणून अशा थकलेल्या मूत्राशयाची ताकद आणखी घटू शकते. शिवाय घोट्यांना सूज येते. आडवं झालं की तेच पाणी रात्री लघवीवाटे निघतं. पाय बघितलेत का? आधी सोनोग्राफीत लघवीनंतर किती उरते ते मोजून घ्या. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

शाहूपुरीकर: मग बीपी आणि प्रोस्टेट दोन्हींवर चालणारं डॉक्सॅझोसिन देऊन एका दगडात दोन पक्षी?

औषधवाला: मोह होतो खरा. पण २००० साली अल्हॅट या बीपीच्या औषधांच्या मोठ्या चाचणीतला डॉक्सॅझोसिनचा गट हार्ट फेल्युअर जास्त दिसल्याने थांबवला. बीपीसाठी ती पहिली पसंती नाही. प्रोस्टेटचंच टॅम्सुलोसिन ०.४ मिग्रॅ त्या मानाने बीपी कमी उतरवतं. रोज ठरलेल्या एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायचं. तरी उठताना आधी पलंगाच्या काठावर बसायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा, या गोळीने बाहुली नीट मोठी होत नाही.

रंकाळाकाठ: सूज आहे! सर्दीची गोळीही घेतात.

औषधवाला: फेनिलेफ्रिनवाली (नाक मोकळं करणारं औषध) असेल तर ती आधी थांबवा, लघवी तुंबते, बीपीही चढतं. लघवी पूर्ण अडली तर थेट सीपीआर रुग्णालय गाठा.