मदत हवी आहे: काठीला घाबरणारी रेस्क्यू कुत्री, आणि घरात काठी घेऊन चालणारे बाबा

नमस्कार मंडळी,

बेळगावात वडगावला राहतो. घर जुनं, दार थेट गल्लीत उघडतं, मागच्या खोलीत कापड विणायचे माग आहेत. घरात बायको, पाच वर्षांची मुलगी आणि माझे वडील. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठीशिवाय ते दोन पावलं टाकत नाहीत.

अनगोळची काही कॉलेजची पोरं रस्त्यावरची जखमी कुत्री उचलून आणतात, बरी करतात आणि घर बघून देतात. त्यांच्याकडं चिंगी म्हणून एक गावठी मादी आहे, दीड-दोन वर्षांची असेल म्हणाले डॉक्टर. हायवेला गाडीनं उडवलेलं, आता पाय बरा झालाय पण थोडी लंगडते. आम्ही अधनंमधनं तिला भेटायला जातोय, मुलीशी छान आहे, हातातलं बिस्किट दात न लावता घेते. पण कुणाच्या हातात काठी, झाडू, छत्री, काही पण लांब दिसलं की जमिनीला चिकटते, कधी शू करते, आणि एकदा कोपऱ्यात सापडली तेव्हा गुरगुरली पण. काय काय सोसलंय बिचारीनं कोण जाणे.

तर मुख्य प्रश्न हाच की अशा कुत्रीला काठीची सवय होते का, आणि कशी करायची? बाबांना कुत्री आवडतात, तेच जास्त मागं लागलेत, पण ते पडले किंवा ही घाबरून चावली तर दोघांचं पण वाईट होणार, आणि मग चारजण म्हणणार सोडून या तिला. ते मला करायचं नाही. एकदा घरात आणलं की ती मरेपर्यंत आमची, हे बायकोशी बोलून पक्कं केलंय, म्हणूनच आणायच्या आधी विचारायलोय.

मेव्हणा म्हणतो हे कशाला, मुधोळहून चांगलं कारवानचं पिल्लू आणून देतो. जात देखणी आहे यात वाद नाही, पण ते पळणारं, शिकारीचं कुत्रं, आमच्या बोळात त्याला कुठं पळवणार? आणि पिल्लाला घर मिळतंच की, लंगड्या गावठी मादीला कोण नेतंय. काका म्हणतात दारात साखळीनं बांध, राखण होईल. ते तर अजिबात नको, आखूड साखळीला तासन्‌तास बांधणं हे १९६०च्या प्राणी क्रूरता कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलंय, आणि कायदा बाजूला ठेवला तरी बांधलेलं घाबरट कुत्रं चावणारच, त्याला पळायला जागाच नसते.

अजून थोडं विचारायचं होतं, घरात सुरक्षेचं काय काय बघायचं, मागाचा आवाज तिला चालेल का, आणि ती पोरं तिला कन्नडमध्ये 'बा बा' (म्हणजे ये ये) म्हणून बोलावतात, आम्ही पण तेच ठेवावं का?

प्रतिसाद १

दादा, आधी विचारताय हे फार बरं केलं. काठीची सवय होते, पण महिने जातात, आणि सुरुवात अनगोळलाच करा, घरी आणायची वाट बघू नका. काठी लांब जमिनीवर नुसती पडलेली असू दे, कुणी हातात धरायची नाही. तिला ती दिसली की बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे बारके तुकडे टाकायला लागा, काठी उचलून नेली की चिकन बंद. हा क्रम उलटा करू नका, काठी आधी आणि खाऊ नंतर, म्हणजे काठी दिसली की काहीतरी चांगलं येतं हे तिच्या डोक्यात बसतं. मग काठी खुर्चीला टेकवलेली, मग बसलेल्या बाबांच्या हातात, मग बाबा उभे, मग एक पाऊल. कुठल्याही टप्प्याला तिनं खाणं थांबवलं म्हणजे घाई झाली, एक पायरी मागं यायचं. बाबांनी तिच्या अंगावर वाकायचं नाही, डोळ्यात बघायचं नाही, खाऊ बाजूला टाकायचा आणि ती आपणहून येऊ दे. खाऊ दाखवून काठीजवळ ओढत आणणं चुकीचं, पोटासाठी येते पण भीती तशीच राहते.

गुरगुरली तर ओरडू नका. ते ती सांगतेय की लांब व्हा. ते दाबलं तर पुढच्या वेळी न सांगता चावते. त्याच्या आधी पण खुणा असतात बघा, ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, तोंड फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं. या मुलीला पण शिकवा, आणि कुत्री जेवताना, झोपलेली असताना जवळ जायचं नाही, मिठी मारायची नाही. मोठं माणूस नसताना दोघींना एका खोलीत ठेवू नका.

बाबांच्या खोलीला कमरेएवढं अर्धं दार करून घ्या, पायात येऊन ते पडायची भीती राहत नाही. तिची जागा अशी द्या की दोन बाजूंनी निघता येईल, कोपरा नको. 'बा बा' तेच ठेवा की, तिला येतंय ते कशाला मोडायचं.

प्रतिसाद २

मागाची खोली कायम बंद पाहिजे, आवाजापेक्षा सुताची भीती जास्त. कुत्र्यानं लांब दोरा गिळला तर आतडं गोळा होऊन कापलं जातं. तोंडातनं किंवा मागनं दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच डॉक्टरकडं न्यायचं. उंदराचं औषध घरातनं बाहेर काढा. कांदा-लसणाचं कालवण, बेदाणे, चॉकलेट, शिजवलेली हाडं नको, रविवारी मटणाची हाडं टाकायची आपल्याकडं सवय आहे ती घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. तापाला आपली पॅरासिटामॉलची गोळी द्यायची नाही.

रस्त्यावरची आहे म्हणजे रेबीज आणि बाकीच्या लसींचं कार्ड पोरांच्याकडनं मागून घ्या, रेबीजची पुढं दरवर्षी. पावसाळ्यात गोचीड रोज बघा, कान आणि पायाच्या बोटांच्या मधे. आणि घरात कुणाला दात लागला तर, लस झालेल्या कुत्र्याचा असला तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं, चुना-मिरची-हळद काही लावायची नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना.

गल्लीचं दार हा तुमच्या घरात सगळ्यात मोठा धोका वाटतो मला. नवीन कुत्री पहिल्या काही दिवसांत पळून जातात, फटाका वाजला, दार उघडं दिसलं की सुटली. आत अजून एक जाळीचं दार बसवा, पट्ट्यावर फोन नंबर लिहा, आणि बाहेर नेताना नुसत्या गळपट्ट्यावर नको, छातीचा हार्नेस घ्या.

धागाकर्ता

खूप आभार दोघांचे. बाबांना सगळं वाचून दाखवलं, ते जुनी काठी अनगोळला ठेवून यायचं म्हणतायत, म्हणजे पोरं रोज थोडं थोडं करतील. जाळीच्या दाराला सुताराला सांगितलंय, ते बसल्याशिवाय तिला आणणार नाही. एकच राहिलं, तिचं नसबंदीचं ऑपरेशन अजून झालेलं नाही. ते आधी करून आणायचं की घरी रुळल्यावर?

प्रतिसाद २

शक्यतो आधी, पोरांच्याकडं असतानाच, म्हणजे घरी आल्यावर पहिली आठवण दवाखान्याची आणि टाक्यांची राहणार नाही. पण आधी रक्त तपासून घ्या. गोचीडताप असला तर प्लेटलेट कमी असतात, ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही. आणि ती नुकतीच माजावर येऊन गेली असेल तर डॉक्टर दोन-तीन महिने थांबायला सांगतील, तसं झालं तर थांबा, तोवर बाबांचं काठीचं चालू ठेवा.