‘वर्कअराउंड’: पळवाट, तोडगा की वळसा?

अवग्रह: सॉफ्टवेअरमधले दोष कळवायच्या, म्हणजे बगनोंदीच्या, अर्जात ‘नोन वर्कअराउंड’ (दोष तसाच ठेवून काम भागवायची माहीत असलेली युक्ती) असा रकाना आहे. जुन्या मराठी भाषांतरात तिथे ‘माहीत असलेली पळवाट’ आहे. पळवाट चोर शोधतो, नाहीतर वकील. रकान्यात येणारा मजकूर साधारण असा: ‘वेलँडवर मेनू भलतीकडेच उघडतो; क्यूटी_क्यूपीए_प्लॅटफॉर्म=एक्ससीबी देऊन प्रोग्रॅम सुरू केला तर जागेवर उघडतो.’ (वेलँड ही लिनक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था, एक्स ही जुनी; ते लांबलचक नाव म्हणजे प्रोग्रॅमला एक्स वापरायला सांगणारं व्हेरिएबल.) याला शब्द सुचवा.

खटपट्या: तोडगा. विषय संपला.

अनुस्वार: तोडगा निघाला की भांडण मिटतं. इथे काय मिटलं? वेलँडवरचा दोष जागच्या जागी आहे. आपण प्रोग्रॅम एक्सवेलँडमधून, म्हणजे वेलँडवरच एक्सची सोय करणाऱ्या थरातून, चालवतो, म्हणजे त्या दोषाच्या वाटेला जात नाही, एवढंच. ‘तोडगा’ वाचून कुणीतरी नोंदच बंद करून टाकेल.

जोडाक्षर: तोडगा म्हणजे मुळात दृष्ट, करणी यांवरचा उतारा. का लागू पडतो हे विचारायचं नाही. कुठूनतरी व्हेरिएबल उचलून चिकटवणाऱ्यांना हाच शब्द शोभतो!

खटपट्या: मग सरळ जुगाड म्हणा.

अनुस्वार: हिंदी कशाला?

खटपट्या: आणि ‘अर्ज’ अरबी, तो चालतो?

पायवाट: वळसा म्हणा. रस्ता खचलाय, वळसा घालून जा. रस्ता दुरुस्त झालेला नसतो, पण माणूस पोचतो.

जोडाक्षर: काखेत कळसा नि गावाला वळसा. मराठी कानाला वळसा फुकाचाच वाटतो.

पायवाट: फुकाचा नाही, पण लांबचा, आणि ते खरंच आहे. हे व्हेरिएबल घरच्या फोल्डरातल्या डॉट-प्रोफाइलमध्ये (लॉग-इन करताना वाचली जाणारी फाइल) टाकलं तर क्यूटी या साधनसंचावर बांधलेले सगळेच प्रोग्रॅम एक्सवर जातात. स्केलिंग १५० टक्के असेल तर पुष्कळदा अक्षरं पुसट दिसतात. त्यापेक्षा यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्समधली त्या एकाच प्रोग्रॅमची डेस्कटॉप फाइल (मेनूतून तो कसा सुरू करायचा हे सांगणारी) घरच्या डॉट-लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये उतरवून घ्या, नाव तेच ठेवा आणि ‘एक्झेक=’ च्या लगेच पुढे ‘एन्व्ह’ ही आज्ञा नि ते व्हेरिएबल घाला. यातही मेख आहेच. घरची फाइल मूळ फाइलला झाकते, त्यामुळे पुढच्या अपडेटमध्ये मूळ फाइल बदलली तरी पत्ता लागत नाही. दोष दुरुस्त होतो, वळसा चालूच राहतो, आणि मग लोक एक्सवेलँडचे बग वेलँडच्या नावावर नोंदवतात. म्हणून रकान्यात वळशासोबत प्रोग्रॅमची आवृत्तीही मागा.

अवग्रह: आवृत्तीचं पटलं. शब्दाचं अजून नाही.

अनुस्वार: मुळात ‘बगनोंद’ तरी कशाला? दोषनोंद म्हणा.

खटपट्या: बग म्हणजे किडाच. १९४७ मध्ये हार्वर्ड मार्क २ या संगणकाच्या रिलेत पतंग सापडला, वहीत चिकटवला, तिथून नाव पडलं.

जोडाक्षर: त्याच वहीत ‘खराखुरा बग सापडल्याची ही पहिलीच वेळ’ अशा अर्थाचं वाक्य आहे. म्हणजे खोटे बग आधीपासून होतेच. एडिसनने १८७८ च्या पत्रात हा शब्द वापरलाय. आणि पतंगाला किडा कोण म्हणतं? पाखरू!

पायवाट: ‘पाखरू नोंदवा’. बटणावर छान दिसेल.

अवग्रह: रकान्याचं काय? तूर्त ‘तात्पुरता उपाय’ घालतेय.

अनुस्वार: तात्पुरता? ही व्हेरिएबलं तीन-तीन आवृत्त्या उलटल्या तरी तिथेच असतात.